आठ सिलिंडरचा षड्ज

घरच्या घरी एक छोटंसं कीर्तन करायचं, एवढाच माझा बेत होता. "छोटंसं" हा शब्द मी तेव्हाही वापरला होता, आणि माझी पत्नी नयना हिने तेव्हाही माझ्याकडे तशीच नजर टाकली होती. मी "घरच्या घरी छोटीशी वायरिंग दुरुस्ती" काढतो तेव्हा ती जशी नजर टाकते, तशी. पण भगवंताच्या कामाला आणि वायरिंगला एकच नजर लावणं बरं नव्हे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वायरिंगला निदान मेन स्विच असतो."

निमित्त होतं आत्याचं. माझी आत्या रखमाबाई थंडीचे दिवस काढायला गावाहून मस्कतला आमच्याकडे आली होती. कोकणातल्या तीन तालुक्यांत असं देऊळ नसेल, जिथे ती कीर्तनाला उभी राहिली नाही. कीर्तन ही चीज मला लहानपणापासून भारी प्रिय. एकच माणूस उभा राहतो. गातो, सांगतो, चिमटे काढतो, हसवतो, आणि आपण हसत असतानाच डोळ्यांतून पाणी कधी काढतो ते कळत नाही. चाकाचा शोध मोठा म्हणतात. असेल. पण माझ्या यादीत ते दुसऱ्या नंबरावर आहे.

तर अशी ही आत्या दोन वर्षांपासून कीर्तनच करत नव्हती. कान गेले होते. सगळे नव्हे, मोठ्याने बोललेलं कळायचं, नको ते तर हळू बोललेलंही कळायचं. पण पेटीचा सूर नीट ऐकू येईना. कानात यंत्र घातलं की पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजे, काढलं की वाजतच नसे. गावच्या देवळात एकदा भर कीर्तनात तिचा सूर सुटला. समोरची माणसं खाली बघत राहिली. आत्याने गळ्यातला हार काढून ठेवला, नमस्कार केला आणि पूर्वरंगातच उतरली.

"बाळ्या," ती मला म्हणाली, "डोळे गेले असते तर उभी राहिले असते. पाय गेले असते तर बसून केलं असतं. पण सूर कळत नसताना नारदाच्या गादीवर उभं राहायचं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं रे."

मी एका बऱ्यापैकी कंपनीचा अकाउंट्स मॅनेजर आहे. रुवीच्या ऑफिसात मला "बाळकृष्ण सर" म्हणतात. घरात बाळ्या. पण ते वाक्य ऐकलं ते माझ्यातल्या बाळ्यानेच. मी ठरवलं: आत्या परत जाण्याआधी तिला एकदा तरी गादीवर उभं करायचं. ती स्वतःला खोटी समजत गावी परतली असती, तर माझ्या इतक्या वर्षांच्या कीर्तनश्रवणाचं फळ काय?

आमची वादी अदाईची बिल्डिंग म्हणजे सल्ल्यांचं गोदाम. खालच्या मजल्यावरच्या अदीबाभाभी हैदराबादच्या. त्यांनी कलौंजीचं तेल आणून दिलं आणि "कान में दो बूँद, बाकी अल्लाह मालिक" असं सांगितलं. समोरच्यांनी मोठा स्पीकर सुचवला. तो आणला. त्याने आत्याला काही कळलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना मात्र कळलं. मग नयनाने कानाच्या यंत्राला फोन जोडायची युक्ती काढली. फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावायचं आणि सूर थेट आत्याच्या कानात सोडायचा. युक्ती खरोखर नामी होती. आत्याने डोळे मिटले, नमन सुरू केलं, आणि एकदम डोळे उघडून म्हणाली, "बाळ्या, तुझ्या गाडीचा इन्शुरन्स संपतोय म्हणतोय रे हा!"

फोन माझा होता. कॉल आला होता. तो गृहस्थ आत्याच्या कानात हिंदीतून प्रीमियम समजावत होता आणि आत्या त्याला मराठीतून "देवाचं चाललंय, मागाहून सांग" म्हणून सांगत होती. त्यानंतर तिने यंत्र डबीत ठेवून दिलं. "पुरे झालं," ती म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली, की आम्हालाच यंत्र लागावं.

मी तरी म्हटलं, साथ उत्तम असली तर जमेल. आणि उत्तम साथ म्हणजे आमच्या मराठी मंडळात पेटीला रविकांत आणि तबल्याला जितेश. मस्कतमध्ये या जोडीला तोड नव्हती. नव्हती, असं म्हणण्याचं कारण, गेल्या वर्षापासून ही जोडीच नव्हती.

भांडणाचं कारण गाड्या. रविकांत अझैब्याला राहतो, विमा कंपनीत आहे, मूळचा दादरचा. त्याने एक अमेरिकन गाडी घेतली. लाल, आठ सिलिंडरची, नुसती उभी असली तरी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसणारी. जितेश लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिस सुपरवायझर, मालवणकडचा. त्याने त्याच सुमारास जपानहून आलेली एक जुनी निळी गाडी घेतली. सहा सिलिंडरची, टर्बोवाली, मागे एवढा मोठा पंख, की रविकांत त्याला "इस्त्रीचं टेबल" म्हणायचा.

सुरुवातीला गंमत होती. रविकांत जितेशच्या गाडीला शिलाई मशीन म्हणायचा, जितेश त्याच्या गाडीला म्हैस. "सरळ रस्ता असेपर्यंत म्हैस जोरात," जितेश म्हणायचा, "वळण आलं की देवाचा धावा." त्यावर रविकांत, "तुझं मशीन तापलं की सांग, माझा एक शर्ट शिवायचाय." मग एका शुक्रवारी मस्कतजवळच्या आमिरातच्या चढावर रविकांतची गाडी गरम होऊन वाफा सोडत उभी राहिली. मागून जितेश आला. थांबला, पाण्याची बाटली दिली, हे सगळं माणुसकीला धरून झालं. पण निघताना त्याने फोटो काढला, आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "म्हैस पाण्यावर."

खलास. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मंडळातही दोन तट पडले. गीतेच्या वर्गात बसणारी पोक्त माणसं "आठ" आणि "सहा" अशी वेगवेगळी बसू लागली. प्रसादाच्या शिऱ्यावरून एकदा टॉर्कचा विषय निघाला आणि शिरा थंड झाला. मला कुणी विचारलं नाही की बाळकृष्णराव, तुम्ही कुठल्या बाजूचे. माझी गाडी पांढरी, चार सिलिंडरची. तिला बाजू नसते, फक्त मागची रांग असते.

दोघांना मी वेगवेगळं विचारलं. रविकांत म्हणाला, "आत्यांसाठी काय वाटेल ते. पण तबल्यावर तो असेल तर मी नाही." जितेश म्हणाला, "काका, आत्या म्हणजे आमचो देव. पण पेटीवर तो असेल तर माका सांगू नका."

तेव्हा मी तो उपाय केला, जो आपल्याकडे लग्नं जुळवताना करतात. दोघांना एकमेकांचं न सांगता एकाच वेळेला चहाला बोलावलं. शुक्रवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर. एकदा दोघे घरात आले, आत्याच्या पाया पडले, समोर पोहे आले, की भांडतात कशाला, असा माझा मनुष्यस्वभावाचा अभ्यास. त्यात पार्किंगचा विचार नव्हता.

आमच्या बिल्डिंगखाली पत्र्याची सावली असलेली पाहुण्यांची जागा एकच. दोघेही वेळेचे पक्के. एक डावीकडून आला, एक उजवीकडून. मी बाल्कनीतून पाहतोय तोवर दोन्ही गाड्या त्या जागेच्या तोंडाशी नाकाला नाक लावून उभ्या. मागे कुणी घेईना. इंजिन कुणी बंद करेना. मी जिना उतरून धावत गेलो, घरच्या स्लिपर्समध्ये, आणि दोघांच्या मध्ये उभा राहिलो.

"काका, त्याला सांगा, मी आधी आलो," रविकांत काच खाली करून म्हणाला.

"काका, त्याका सांगा, आधी आवाज येता, गाडी मागसून," जितेश म्हणाला.

"अरे, एकाच्याच गाडीत नाही का बसता येणार दोघांना?" मी सुचवलं. या सूचनेने त्यांच्यात वर्षभरात प्रथमच एकमत झालं. दोघांनी माझ्याकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं.

वॉचमन आला. अदीबाभाभी खिडकीत आल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. दोन इंजिनं घुमत होती, पत्रा थरथरत होता, माझ्या स्लिपरचा एक पट्टा तुटला होता, आणि मी या वयात दोन बंपरांमध्ये हात जोडून उभा होतो. आणि अशात वरून आवाज आला.

आत्या गात होती.

पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत, लोखंडी कठड्याला दोन्ही हात धरून, डोळे मिटून. शब्द नव्हते, नुसता आकार. पण तो आवाज! वर्षानुवर्षं देवळाच्या मंडपातून ऐकला होता तोच. जरा जीर्ण झालेला, पण सरळ, समईच्या ज्योतीसारखा.

रविकांतचा चेहरा बदलला. त्याने गाडीचं दार उघडलं, बाहेर आला, मान तिरकी करून ऐकू लागला. "काळी चार," तो पुटपुटला. "अगदी काळी चारमध्ये. काका, आत्या सुरात आहेत!"

जितेशही उतरला. किल्लीकडे त्याचा हात गेला तशी वरून आत्या ओरडली, "थांबवू नका रे! बाळ्या, तो तंबोरा कोण लावतंय?"

"तंबोरा नाही आत्या, गाड्या आहेत!"

"असूदेत! चालू ठेव म्हणावं!"

पुढे काय घडलं ते मला नीट समजायला जितेशने माझ्या टेबलावर दोनदा आकृती काढली. मी ते माझ्या शब्दांत सांगतो. म्हाताऱ्या कानांचं वरचं ऐकणं आधी जातं, खालचं घुमणं राहतं; त्यातून ते घुमणं कठड्यातून हातात आलं तर कानांची फारशी गरजच नाही. बरं, इंजिनाच्या एका फेरीत आठ सिलिंडरची गाडी चार ठोके देते, सहाची तीन. दोन्हींचा फेऱ्यांचा काटा एकाच आकड्यावर असला, की ठोक्यांचं प्रमाण चारास तीन. आणि तंबोऱ्यात जोडीच्या तारांचा षड्ज आणि पहिल्या तारेचा खालचा पंचम, यांचं प्रमाण? चारास तीन. आयुष्यभर आकडेमोड केली, पण एका भागाकारात मला भगवंत प्रथमच दिसला.

म्हणजे रविकांतची गाडी सा आणि जितेशची गाडी पंचम. दोघी एकत्र उभ्या राहिल्या की तंबोरा. एकटी कुठलीही, नुसता गोंगाट.

हे कळल्यावर दोघे निदान पोहे खायला वर आले. पण लगेच नवीन वाद निघाला.

"म्हणजे सा माझा," रविकांत नयनाला म्हणाला. "मूळ स्वर."

"काकू, तेका सांगा, तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची," जितेश म्हणाला. "आणि खालचा आवाज कोणाचा, ता पण विचारा. म्हैस वर गाता आणि शिलाई मशीन खाली घुमता!"

रविकांतचा घास अडकला. आपली गाडी वरच्या स्वरात बोलते, हे दुःख त्याच्या चेहऱ्यावर इतकं खरं होतं, की नयनाने त्याला आणखी पोहे वाढले.

आत्याने मात्र निकाल लावून टाकला होता. ती बसून पोलक्याच्या बाहीने डोळे टिपत होती. "मी उभी राहीन," ती म्हणाली. "पण तंबोरा दोन्ही तारांचा हवा. एका तारेवर मी नाही गायची. सांग तुझ्या पोरांना."

"पोरं" दोघंही चाळिशीच्या पुढची होती. त्यांनी खाली माना घातल्या.

आता कीर्तन करायचं म्हणजे दोन गाड्या चालू ठेवून करायचं. बिल्डिंगखाली ते शक्य नव्हतं. तिसऱ्या मजल्याने तसं लेखी कळवलं. मी हॉलवाल्यांना विचारलं. पहिल्याने विचारलं, "गाड्या कुठे लावणार?" मी म्हटलं, "स्टेजवर." त्याने फोन ठेवला. दुसऱ्याने सरकारी परवानगी काढायला पाठवलं. तिथल्या सज्जन कारकुनाने विचारलं, "कार्यक्रम काय? गाणं?" मी म्हटलं, हो. "भाषण?" हो. "धार्मिक?" हो. "नाटक?" थोडं. "माणसं किती काम करतात?" एक. वय? एकोणऐंशी. "आणि दोन गाड्या," मी प्रामाणिकपणे जोडलं. त्याने चष्मा काढला, मला चहा पाजला आणि ज्या खिडकीकडे पाठवलं, ती शोधत मी जिथे पोहोचलो ते मासेमारीच्या बोटींचं खातं निघालं. तिथल्यांनीही चहा पाजला. ओमानी माणसाच्या सौजन्याबद्दल माझी कधीच तक्रार नाही. त्या दिवशी ते सहा कप झालं, एवढंच.

शेवटी आमचे घरमालक अहमद मदतीला आले. भाडं न्यायला आले होते, आत्याला बघून बसले. त्यांना हिंदी उत्तम येतं. सगळी हकिकत ऐकून आधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जापानी वाली का टर्बो ओरिजिनल है?" मग म्हणाले, "बालकृष्णा, मेरा खेती है बौशर में. खजूर का. मेरा मेहमान, मेरा घर. अम्मा गाएगी, मुश्किल क्या है?"

मग तयारी सुरू झाली. आणि मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात देखणा प्रसंग घडला, तो कीर्तनाचा नव्हे, त्याच्या आदल्या दिवशीचा.

बौशरच्या त्या शेतात, खजुरांच्या रांगेपुढे, दोन गाड्या समोरासमोर उभ्या केल्या. मध्ये फळ्यांचं बसकं व्यासपीठ, दोन्ही बंपरांना टेकलेलं, म्हणजे घुमणं फळ्यांतून आत्याच्या तळपायांत यावं. रंग खरवडला जाऊ नये म्हणून रविकांतने घरची गोधडी घडी करून मध्ये घातली होती. धूर दूर न्यायला जितेशने एसीच्या कामाचे लवचिक पाइप आणले होते. सगळं झालं, गाड्या चालू केल्या, आणि आत्या म्हणाली, "तारा जुळल्या नाहीत."

खरंच नव्हत्या. एकीचा काटा जरा वर, एकीचा खाली. पार्किंगमध्ये त्या दिवशी जुळला होता तो निव्वळ योग. जितेशने स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून स्क्रू फिरवला. निळी गाडी जुनी, ती ऐकायची. लाल गाडी कंप्युटरवाली, ती स्वतःच्याच मनाने श्वास घ्यायची. मध्येच पंखा लागला की सूर ढळायचा. एसी लावला की चढायचा.

"तिचा हवेचा भाग साफ करूक व्हयो," जितेश खजुराच्या झाडाकडे बघत म्हणाला. "म्हणजे स्थिर ऱ्हवात. पण मी काय त्या गाडयेक हात लावचंय नाय."

मी तोंड उघडलं, पण नयनाने माझा दंड धरला.

बऱ्याच वेळाने रविकांत पुढे झाला. त्याने गाडीत हात घालून बॉनेटचा खटका ओढला. "जितेश," तो म्हणाला. झाडाला नव्हे, मला नव्हे, थेट त्याला. "बघ जरा."

जितेशने बाह्या वर केल्या आणि म्हशीच्या पोटात डोकं घातलं. तासाभराने दोघांचे हात काळे झाले होते. मग रविकांतने त्याच हातांनी पेटी गाडीच्या डिकीवर ठेवली, काळी चार दाबून धरली आणि डोळे मिटून सांगू लागला, "चढव... अजून थोडं... हं, उतरव... केसभर..." आणि जितेश निळ्या गाडीचा स्क्रू फिरवत होता, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळाव्यात तसा. एका क्षणी दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि मधूनच तिसरंच काहीतरी घुमू लागलं, जे दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. आत्याने फळीवर अनवाणी पाय ठेवला. नुसता अंगठा हलवला.

मी उत्साहाच्या भरात माझी पांढरीही चालू केली. जोडीला आणखी एक तार, असा विचार.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "ते भांडं कोण घासतंय? बंद कर."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऊन उतरल्यावर माणसं जमली. आठवाले लाल गाडीच्या बाजूला बसले, सहावाले निळीच्या. अहमद त्यांच्या भावंडांना घेऊन खुर्च्यांवर. अदीबाभाभींनी खजुराचा हलवा आणला होता. इंजिनं सुरू करण्याआधी जितेशने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या दोन गाडयेंका एकाच सुरात ऱ्हवची बुद्धी दी!" "व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. "कोणाचा काय गरम होवचा आसात, तर ता उद्या होवंदे!" "व्हय म्हाराजा!" अहमदच्या भावंडांनीही ओरडून घेतलं.

आणि आत्या उभी राहिली. नऊवारी, कपाळाला बुक्का, गळ्यात हार, हातात चिपळ्या. पायांखाली चौदा सिलिंडर.

तिने नमन धरलं आणि माझे हात आपोआप जुळले. पूर्वरंगात ती अभंगाचं एकेक पद सोडवत गेली. आवाज मध्येच थकायचा, पण सूर जागचा हलत नव्हता. रविकांतची पेटी, जितेशचा तबला, दोघे वर्षभराची भूक लागल्यासारखे वाजवत होते. उत्तररंगात तिने दोन जावांची गोष्ट लावली. एकमेकींशी बोलत नाहीत, पण जातं दोघींशिवाय फिरत नाही. एकीने ओढायचं, एकीने लोटायचं, आणि दळण चालू असेपर्यंत तोंड दुसरीकडे. "जात्याला काय ठाऊक रुसवा?" आत्याने विचारलं. "त्याला ठाऊक पीठ!" आठवाले सहावाल्यांकडे बघून हसले, सहावाले आठवाल्यांकडे. "मी कोणाबद्दल बोलत नाहीये हो," आत्या म्हणाली, आणि तबल्याकडे आणि पेटीकडे आळीपाळीने इतका वेळ बघत राहिली, की जितेशची लग्गी चुकली.

तेवढ्यात फाटकातून पोलिसांची गाडी आत आली.

त्यांचा काही दोष नाही. शेजारच्या बंगल्यातून कुणी कळवलं होतं, की शेतात एक अमेरिकन आणि एक जपानी गाडी समोरासमोर उभी करून इंजिनं चालू ठेवली आहेत, भोवती गर्दी आहे, टाळ्या आणि आरोळ्या चालू आहेत. याचा अर्थ जगातला कुठलाही पोलीस एकच लावील. तरुण अधिकारी उतरला, त्याने गाड्या पाहिल्या, गर्दी पाहिली, मग मधोमध उभी असलेली माझी आत्या पाहिली.

"रेस किधर है?" त्याने मला विचारलं.

"नो रेस, सर," मी छाती काढून म्हणालो. "कीर्तन."

अहमद अरबीतून त्याच्याशी बोलले. अधिकारी नम्र होता. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तरी म्हणाला, "गाना ठीक. इंजिन बंद. शिकायत है."

मी रविकांतकडे पाहिलं. त्याने जितेशकडे पाहिलं. दोघे उठले, आपापल्या गाडीपाशी गेले. कुणी आधी बंद करायचं, हा वाद त्यांनी घातला नाही. एकाच वेळी किल्ल्या फिरवल्या.

शेत एकदम रिकामं वाटलं. खजुरांतली पाखरंसुद्धा ऐकू येऊ लागली.

आत्या पदाच्या मध्यावर होती. तिचा आवाज थांबला. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग आमच्याकडे. आणि मला गावचं देऊळ न पाहताही दिसलं. कारण आम्ही सगळे, आठवाले आणि सहावाले, खाली बघायला लागलो होतो. तिचा हात गळ्यातल्या हाराकडे गेला.

"आत्या," जितेश म्हणाला, पण तिला ते ऐकू गेलं नसावं. रविकांतने पेटीवर काळी चार दाबून धरली. तीही तिला ऐकू गेली नसणार. भाता मात्र तो हलवतच राहिला.

हाराला धरलेला हात तसाच छातीवर टेकला. आत्याने डोळे मिटले. तळपाय फळीवर जरा रुतवले, आत अजून काहीतरी घुमतंय का हे चाचपत असल्यासारखे. आणि सोडलेलं पद तिने उचललं.

पेटी वाजत होतीच. दोन सूर आणि मध्ये केसाचीही फट नव्हती. रविकांत ओठ घट्ट मिटून पेटीकडे बघत होता आणि त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. जितेशने तबल्यावर थाप मारली तेव्हा तीही जरा ओलीच वाजली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. कोण कुठल्या बाजूला बसलं होतं ते मला आता दिसेना, माझ्याच चष्म्याला काहीतरी झालं होतं. आत्या गात होती, मग गाता गाता हसली, आणि हसून गजराला लागली. चिपळ्या वाजवीत ती एकेक पाऊल पुढे-मागे टाकू लागली, पंचवीस वर्षांची असल्यासारखी.

तो अधिकारी अजून माझ्या शेजारीच उभा होता. जायचं विसरला होता बहुधा. थोड्या वेळाने तो माझ्याकडे झुकला आणि हळूच विचारलं, "अम्मा का और कितना टाइम?"

मी आत्याकडे पाहिलं. तिने गजर दुप्पट केला होता.

"इन्शाल्ला, सर," मी म्हणालो, "बहुत."